विभाग रिकामा असेल तर

संगणकाचं काम करणाऱ्या पाहुआने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, की ज्याच्यासाठी मी लिहिणार होतो त्याने आमचं काचघर कधी पाहिलेलं नव्हतं आणि पाहणारही नव्हता.

“तुम्ही जेवढं लिहाल तेवढंच त्याला दिसणार, काका. बाकी सगळा अंधार.”

मला त्याच्याविषयी एकदम जवळीक वाटली. कुणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो की माझं असंच होतं. कोट कुठे टांगायचा, बूट कुठे काढायचे, कोण कुठे बसतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि मी दारात उभा असतो.

आमचं काचघर अमेरिकेच्या उत्तरेला, डुलुथ शहराच्या टेकडीवर आहे, सरोवराकडे तोंड करून. चार विभाग एकापुढे एक: ताड, ऑर्किड, नेचे आणि शेवटी पश्चिमेला वेली. जानेवारीत बाहेर शून्याखाली वीस असतं, सरोवराच्या न गोठलेल्या पाण्यातून वाफा उठून आकाशाला लागतात, आणि आत केळीच्या पानांवरून थेंब गळत असतात. चष्मा पुसेपर्यंत काही दिसत नाही. मी शहराच्या वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या. निवृत्त झाल्यावर इथे झाडांच्या पाट्या लिहायला येऊ लागलो, कारण पाट्या लिहिताना कुणाशी बोलावं लागत नाही.

बोलायचं काम लेंपी करायची. लेंपी कोर्होनेन, काचघराची मुख्य माळीण, वय एकाहत्तर. तिचा उजवा खुबा पार झिजला होता. शस्त्रक्रिया दोनदा ठरली आणि दोनदा तिने ती रद्द केली, वेलीपायी.

ती वेल पश्चिम विभागात छतापासून लोंबत असते. पाचूच्या रंगाची फुलं देणारी, असं आम्ही पुस्तकात वाचून म्हणायचो. लेंपीने एकोणीस वर्षांपूर्वी बोटभर फांदी लावली होती, आणि एकोणीस वर्षांत वेलीने एकही फूल दिलं नव्हतं. या डिसेंबरात मात्र लोंबत्या दांड्यांवर तांदळाएवढ्या कळ्या दिसल्या. मला त्या दाखवताना लेंपी कुजबुजत होती, जणू मोठ्याने बोललं तर त्या परत आत जातील.

“दहा मिनिटं गार वारा लागला ना आर्विड, की सगळ्या खाली. दहाच मिनिटं.”

इकडे डॉक्टरांनी बजावलं, की यावेळी पुढे ढकललं तर चालणंच बंद होईल. शस्त्रक्रिया, आणि मग चालायला शिकवणाऱ्या केंद्रात सहा आठवडे. तेवढे दिवस काचघराची देखरेख एजंटकडे द्यायची असं ठरलं. एजंट म्हणजे संगणकातला मदतनीस. तो मापकांचे आकडे पाहतो, काय करायचं ते ठरवतो आणि यंत्रांना हुकूम देतो. झरोके उघडणं, फवारा, वाफेचे नळ, पडदे, अशा प्रत्येक कामाचं एक साधन त्याच्यापुढे ठेवलेलं असतं आणि प्रत्येक साधनाला एक वर्णन जोडलेलं असतं. ते वर्णन वाचूनच तो ठरवतो, की यातलं कुठलं साधन केव्हा उचलायचं. त्याच्यापासून यंत्रांपर्यंत जाणारी वाट, जिला पाहुआ एपीआय म्हणायची, ती तिने बांधली होती. वर्णनं लिहायला तिला माणूस हवा होता.

“मी लिहिली की ती फक्त मलाच कळतात,” ती म्हणाली. “तुमच्या पाट्या वाचल्या मी. तुम्ही लिहा.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणण्यासाठीसुद्धा बोलावं लागतं.

पाहुआ अडतीस वर्षांची, सेंट पॉलहून अडीच तास गाडी चालवत यायची. लाओसहून आलेल्या त्यांच्या ह्माँग घरात वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारत नाहीत, म्हणून मी काका आणि लेंपी मावशी.

“मावशी म्हणतेस तर मावशीला खायला आणत जा,” लेंपीने तिला सुनावलं. पुढच्या खेपेपासून पाहुआ आईच्या हातचे एग रोल आणू लागली.

नऊ साधनं होती. मी दहा दिवस लिहीत होतो आणि खरं सांगायचं तर मला आनंद होत होता. वाफेत बसून एकेक वाक्य घासायचं, एखादा शब्द काढला की वाक्य हलकं होतं ते पाहायचं. झरोक्यांचं वर्णन मला विशेष आवडलं होतं: “छताचे झरोके उघडून हवा खेळती ठेवतो. ओलावा वाढल्यास उपयुक्त. विभाग: ऐच्छिक.” किती नेटकं, असं मला वाटलं. असं मला माझ्या लिखाणाविषयी सहसा वाटत नाही, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिली चाचणी मंगळवारी दुपारी झाली. पाहुआने यंत्रांची जोडणी काढून ठेवली होती. हुकूम फक्त पडद्यावर दिसणार होते. लेंपी काठी टेकत आमच्या मागे येऊन उभी राहिली. पाहुआने लिहिलं: ओलावा पंच्याण्णवच्या वर गेला आहे, पानांवर बुरशी दिसते आहे, बाहेर शून्याखाली वीस.

पडद्यावर उत्तर आलं: झरोके उघडतो, पंधरा मिनिटं. विभागाची जागा रिकामी होती. मग काचघराच्या चित्रातला ताडांचा विभाग निळा झाला. त्यानंतर ऑर्किड, नेचे, आणि शेवटी वेली. निळा रंग फार सुंदर होता, पाणी हळूहळू चढावं तसा.

“हे निळं काय?” लेंपीने विचारलं.

“उघडले,” पाहुआ म्हणाली.

“कुठले?”

पाहुआने चित्र आणखी मोठं केलं.

“पोरी, कुठले उघडले?”

“सगळे, मावशी.”

“वा. केळींना लोकरीच्या टोप्या विणायला घ्या आता.” लेंपी हसली नाही. “उद्या दवाखान्यात फोन करते. येत नाही म्हणून सांगते.”

पाहुआने एजंटला विचारलं, असं का केलंस. तो म्हणाला, “कोणता विभाग ते सांगितलेलं नव्हतं. वर्णनात विभाग ऐच्छिक आहे, म्हणून मी तो रिकामा ठेवला. रिकामा ठेवल्यावर काय होतं ते वर्णनात नाही.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मला जास्त लागलं.

कारण मला ते माहीत होतं. बॉयलरच्या खोलीत भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद आहे. झरोक्यांचं जुनं यंत्र ज्याने बसवलं त्याने उन्हाळ्याच्या सोयीसाठी त्यात करून ठेवलं होतं: विभाग न सांगितल्यास सर्व. तो कागद मी वाचला होता. पण एकतीस वर्षं मी जे ठाऊक नाही ती जागा रिकामी सोडत आलो होतो. लेखकाचं जन्मसाल माहीत नाही, सोडा रिकामं. उगाच अंदाज लिहायचा नाही. रिकामी जागा म्हणजे माझ्या दृष्टीने नम्रपणा होता. ती रिकामी जागा कुठे चारही छपरं उघडू शकते, हे वाचूनसुद्धा मनात उतरलं नव्हतं. आणि जरासं उतरलं होतं तेव्हा वाटलं, हे तर इथे सगळ्यांनाच माहीत आहे, मी लिहिणारा कोण?

मी हे त्यांना सांगितलं. अडखळत, पण सांगितलं.

“सगळ्यांना माहीत आहे!” लेंपी म्हणाली. “फक्त त्यालाच नाही. मग लिहीत कुणासाठी होतास? माझ्यासाठी?”

“विचारणार होतो तुला. पण तू कामात होतीस.”

“या वेलीपायी एकोणीस वर्षं कामातच आहे मी.”

पाहुआ मध्ये पडली. “शस्त्रक्रिया सोमवारी आहे ना? शुक्रवारपर्यंत थांबा मावशी. दवाखान्यात शुक्रवारी कळवलं तरी चालेल. मी एक कुलूप घालते, विभाग रिकामा असेल तर हुकूम परत येईल.”

“मग झालंच की. हा कशाला हवा?” लेंपीने माझ्याकडे काठी दाखवली.

“कुलूप त्याला फक्त अडवतं. पुढे काय करायचं ते सांगत नाही. अडला की तो अंदाजाने एखादा विभाग भरेल. चारातला एक.”

त्या चारातला एक वेलींचा होता. लेंपी वर बघत राहिली. “शुक्रवार, दुपारी बारा,” ती म्हणाली. “बारा वाजून एक मिनिट झालं की मी फोन लावणार.”

घरी जाऊन मी सूप गरम केलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्नात मी एका खोलीत होतो. दार नव्हतं, खिडकी नव्हती, समोर नऊ पत्ते मांडलेले. भिंतीपलीकडून आवाज येत होते: गरम होतंय, ओल वाढली. कुठे, ते कुणी सांगत नव्हतं. मी एक पत्ता उचलून उलटा केला, पाठीमागे काही लिहिलंय का पाहिलं. कोरा. खूप लांबून आवाज आला, बारीक काहीतरी टपटप पडतंय असा. मला भीती वाटली नाही. एवढंच वाटलं, की कुणीतरी आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. जागा झालो तेव्हा खिडकीबाहेर सरोवर धुरकट दिसत होतं, आणि ते एक वाक्य कुठलं, हे आठवेना.

बुधवारी सकाळी मी लेंपीसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “माझ्या हातात फक्त माझे कागद राहू दे. तू सांग काय झालंय, मी कागदावर आहे तेवढंच करीन. मला काहीच माहीत नाही असं धर.”

“त्यात धरायचं काय?” लेंपी म्हणाली. पण स्टूल ओढून बसली.

तीन दिवस आम्ही हा खेळ खेळलो. ती धुक्यातून ओरडायची, “ऑर्किड कोरडी पडली!” मी कागद वाचायचो, फवाऱ्याशी जायचो.

“किती वेळ सोडलास?”

“दहा.”

“दहा काय? तास? माझ्या ऑर्किडांना पोहायला शिकवतोयस?”

मी लिहायचो: सेकंद. साठपेक्षा जास्त कधीही नाही. “वाफ सोडणे” आणि “वाफ वाढवणे” अशी दोन साधनं होती. माझ्या वर्णनांत ती जुळ्या भावंडांसारखी होती, कुणाला काय म्हणावं कळू नये अशी. लेंपीने फरक एका श्वासात सांगितला आणि मी तो तसाच लिहिला. मग ती म्हणाली, “ताडांमधला मापक तीनच्या सुमाराला खोटं बोलतो.”

“म्हणजे?”

“हिवाळ्यात ऊन खाली येतं ना, दोन खोडांच्या फटीतून थेट त्याच्या तोंडावर. अर्धा तास त्याला वाटतं आपण आफ्रिकेत आहोत. मग गप्प बसतो.”

“हे कुणाला माहीत आहे?”

“मला.” तिने काठीने माझ्या कागदाकडे दाखवलं. “आता तुला.”

मला त्या तीन दिवसांइतकं कधी कुणी काही सांगितलं नव्हतं. ओल्या पानांखालून फिरताना कधी कधी वाटायचं, आपण खरंच पहिल्यांदाच इथे आलोय. सात वर्षं ज्यांच्या पाट्या लिहिल्या ती झाडं आत्ता कुठे ओळख करून देताहेत.

गुरुवारी झरोक्यांचं वर्णन पुन्हा लिहायला घेतलं. “छताचे झरोके उघडतो. बाहेरची हवा लगेच आत येते. झालेलं नुकसान भरून काढता येत नाही. विभागाचं नाव द्यायलाच हवं. नाव रिकामं ठेवल्यास यंत्र चारही विभाग उघडतं, म्हणून असा हुकूम परत येतो. बाहेर शून्याखाली असताना वेलींच्या विभागासाठी हे साधन कधीही वापरू नये. कोणता विभाग ते ठाऊक नसेल तर अंदाज करू नये, काहीही उघडू नये, आणि”

इथे थांबलो.

“आणि काय?” पाहुआने मागून वाचत विचारलं.

“आणि कुणाला तरी विचारावं.”

“कुणाला?”

मी म्हटलं, तुला. ती म्हणाली, मी अडीच तासांवर. लेंपी तर दवाखान्यात असणार. दोघी माझ्याकडे बघू लागल्या आणि मला उकडायला लागलं, म्हणजे तिथे उकडतंच.

“मी फोन उचलत नाही,” मी म्हणालो. “वाजला की वाटतं, चुकून माझ्याकडे लागला असेल.”

“आता मुद्दाम तुझ्याकडेच लागेल,” लेंपी म्हणाली.

“आणि मी चुकीचं सांगितलं तर?”

“तर चुकशील. मी नव्वद साली ऑर्किडांची अख्खी रांग गोठवलीय, स्वतःच्या हाताने. लिही नाव.”

“आर्विडना विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं” एवढं लिहायला मला पाऊण तास लागला. स्वतःचं नाव मी पुस्तकांच्या नोंदींत कधी घातलं नव्हतं, पाट्यांवरही नाही.

शुक्रवारी साडेअकराला पाहुआने तीच परिस्थिती पुन्हा दिली. पडदा काही क्षण कोरा राहिला. मग आलं: “कोणता विभाग ते कळत नाही. काहीही उघडलेलं नाही. आर्विडना विचारतो.” माझ्या खिशात फोन थरथरला आणि मी इतका दचकलो, की बाजूची कुंडी पडली. लेंपीने घड्याळाकडे पाहिलं, मग कुंडीकडे. “माती भरून ठेव,” म्हणाली, आणि काठी टेकत कपडे भरायला घरी गेली.

शस्त्रक्रिया नीट झाली. मी रोज सकाळी आठला काचघरात जाऊन कळ्या पाहायचो. तांदळाएवढ्या होत्या त्या वाटाण्याएवढ्या झाल्या, मग वाकू लागल्या. लेंपी केंद्रातून रोज फोन करायची, आणि तिसऱ्या आठवड्यापासून रोज म्हणायची, की उद्या मी इथून पळून येते.

“वॉकर घेऊन कुठे पळणार?”

“तू कधी पाहिलंयस मला वॉकरवर?”

फेब्रुवारीत एका दुपारी पावणेतीनला बर्फ पडत होता, बारीक, सरोवर आणि आकाश एकच करून टाकणारा. फोन वाजला. एजंट होता. “ओलावा सत्त्याण्णव. मापकाकडून विभागाचं नाव आलेलं नाही. काहीही उघडलेलं नाही. कोणता विभाग?”

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. “थांब, मी बघून येतो,” म्हणालो, आणि तो थांबला. घरापासून काचघरापर्यंतची बारा मिनिटांची चढण मी कशी चढलो ते आठवत नाही. बर्फात आवाज नसतो, त्यामुळे आपण चालतोय असं वाटतच नाही.

आत सगळं पांढरं होतं. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. मी पाट्यांवरून रस्ता काढला. माझ्याच पाट्या, कमरेच्या उंचीवर, एकेक हाताने चाचपत. ताड ठीक. ऑर्किड ठीक. नेच्यांच्या विभागात वाफेचा नळ फुसफुसत होता आणि मापकाची तार भिजून लोंबत होती. वाफ तिथून पुढे, उघड्या दारातून, वेलींकडे जात होती. ते दार सकाळी मीच उघडं टाकलं होतं.

नळ आवळला. वाफ मात्र तशीच. ती तिथे साचली तर कळ्या कुजणार, झरोके उघडले तर थंडी दारातून वेलींपर्यंत पोचणार. लेंपीने काय केलं असतं? कागदावर याचं उत्तर नव्हतं, कारण कागद मीच लिहिला होता. मी वेलींच्या बाजूला गेलो, दार ओढून घेतलं. ते फुगलं होतं, पुरतं बसेना. खालच्या फटीत कोट कोंबला आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो.

“नेचे,” मी फोनवर म्हणालो. माझा आवाज मला अनोळखी वाटला. “फक्त नेचे. पाच मिनिटं.”

“फक्त नेच्यांचा विभाग, पाच मिनिटं. उघडतो.”

मागे काचेपलीकडे छत करकरलं. मान वळवून पाहिलं तर वाफेत एक भोक पडलं होतं आणि त्यातून बर्फ आत उतरत होता, सावकाश, नेच्यांच्या हिरव्यावर. पानाला टेकताच तो दिसेनासा होत होता. पाठीला थंडी झिरपत होती. माझ्या डोक्यावर कळ्यांच्या माळा अगदी स्थिर होत्या. मी श्वास जपून घेत होतो, माझ्या श्वासाने त्या हलतील म्हणून. कधीतरी पायाशी टप् असा आवाज झाला. मग आणखी एकदा. मी खाली बघितलं नाही.

“बंद केले,” एजंट म्हणाला. “ओलावा कुठे किती आहे ते मापक दुरुस्त होईपर्यंत मला कळणार नाही. तुम्ही सांगाल का?”

“सांगतो,” मी म्हणालो, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून दर थोड्या वेळाने त्याला सांगत राहिलो.

लेंपीला त्याच दिवशी सगळं सांगितलं, दारासकट.

“मी तीन मिनिटं दिली असती,” ती म्हणाली.

“मला वाटलंच.”

“पण त्याने विचारलं, हे खरं?”

“विचारलं. आणि थांबला.”

“हं.” मागे कुणीतरी तिला व्यायामाला बोलावत होतं. “येते, येते. आर्विड, सहा आठवडे पुरे करते मग मी. आता नीटच चालायला शिकते.”

ती आली ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, खरोखरच वॉकरशिवाय, एक काठी घेऊन. बाहेर बर्फ होताच. वेलीच्या माळा दोन दिवसांपूर्वी उमलल्या होत्या, हातभर लांब, वाकड्या नखांसारखी फुलं. त्या रंगाला मी बरेच शब्द लावून पाहिले आणि सगळे खोडले. लेंपी दारातून आत आली, पण वर बघितलंच नाही. आधी खाली बघत फरशी तपासत गेली, वेलीच्या माझ्याच पाटीपाशी वाकली, नवा खुबा सांभाळत. तिथे मी वाळलेल्या कळ्या एका बशीत जपून ठेवल्या होत्या. लपवाव्यात असं मनात आलं होतं.

“तीन पडल्या,” ती बशी उचलून म्हणाली.

“तीनच.”

“तू नुसतं तीन म्हण. तीनच की काय, ते मी ठरवीन.”

“तीन,” मी म्हणालो.

तिने बशी खाली ठेवली, स्टूल ओढलं, बसली. मग मान मागे टाकून वर बघितलं.